कर्णनाद आणि मुक्या जीवांचे ऋण

बाहेर कोणताही ध्वनी नसता कानात अहोरात्र शिट्टी अथवा रातकिड्यांसारखी किरकिर चालू राहावी, या व्याधीस सुश्रुतसंहितेत 'कर्णनाद' म्हटले आहे. हा नाद दुसऱ्यास ऐकू येत नाही. म्हणून रोग्याचे दुःख घरच्यांसही पुष्कळदा खरे वाटत नाही. मग मुक्या उंदराच्या कानात तो वाजत आहे, हे शास्त्रज्ञांनी ओळखावे तरी कसे?

सन १९८८ मध्ये पावेल यास्त्रेबॉफ व त्यांचे सहकारी यांनी त्यावर एक युक्ती प्रसिद्ध केली. पिंजऱ्यात सतत आवाज चालू ठेवावयाचा आणि तो थांबला की उंदरांस विजेचा धक्का द्यावयाचा. लवकरच शांतता होताच ते भयाने पाणी पिणे थांबवू लागले. पुढे ज्यांस ॲस्पिरिनच्या जातीचे सॅलिसिलेट हे औषध दिले, त्यांस शांततेचे भय तितकेसे वाटेना. त्यांच्या कानी शांतता उरलीच नव्हती!

सन २००९ मध्ये बोस्टन येथील शेरन कुजावा व चार्ल्स लिबरमन यांनी लहान जातीच्या उंदरांस १०० डेसिबलांचा आवाज दोन तास ऐकविला. काही दिवसांनी त्यांची श्रवणशक्ती पूर्ववत भासली. परंतु कानाच्या ज्या भागास इजा झाली, तेथील मज्जातंतूंचे जवळजवळ निम्मे सांधे कायमचे तुटले होते. अशी छुपी हानी कर्णनादाचे एक कारण असावी, असे पुष्कळ संशोधक मानतात.

आमच्या वाशीम जिल्ह्यात शिरपूर व कारंजा ही जैनांची प्रसिद्ध क्षेत्रे आहेत. मुक्या प्राण्यास अशी पीडा देणे न्याय्य आहे काय, असे येथील पालकांनी विचारल्यास तो प्रश्न रास्तच होय. जिवंत मनुष्याच्या कानातील हे सांधे काढून तपासता येत नाहीत, म्हणून असे प्रयोग अद्याप सर्वस्वी टाळता येत नाहीत, असे आमचे मत आहे. तथापि त्यांस मर्यादा हवी. सन १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने ती घातली आहे : लहान प्राण्याने काम भागत असता मोठा घेऊ नये, आणि शाळांतून पुस्तके व प्रतिकृती पुरत असता प्रयोग टाळावे.

परंतु खरा प्रश्न पुढेच आहे. त्या जीवांनी दिलेल्या ज्ञानाचे आम्ही काय करतो? सन २००० च्या ध्वनिनियमांनी वस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलांची मर्यादा घातली. वरातीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या मुलांच्या कानी १०० डेसिबल सहज पडतात. मनुष्याचा कान उंदराहून चिवट असेलही; पण म्हणून त्याची परीक्षा पाहावी काय? कान दुसऱ्या दिवशी बरा वाटला, म्हणजे तो बरा झाला असे नव्हे, हेच तर त्या उंदरांनी शिकविले.

विद्यार्थिमित्रहो, प्रयोगशाळेतील हिंसेबद्दल हळहळणे सोपे आहे. मिळालेले ज्ञान धुडकावून ती हिंसा व्यर्थ घालविणे, हा आमच्या मते अधिक मोठा दोष होय. वरातीतील आवाज कमी करण्यास वडीलधाऱ्यांस नम्रपणे सांगा, आणि पालकांनी ते ऐकावे. त्या मुक्या जीवांचे ऋण फेडण्याचा तोच मार्ग आहे.