काळी चकती आणि आमाचे चित्र

सूक्ष्मदर्शकाच्या कंडेन्सरखालील कड्यात मधोमध योग्य मापाची काळी चकती बसविली की सरळ प्रकाश अडतो आणि काळ्या क्षेत्रात केवळ कणांनी विखुरलेला प्रकाश दिसतो. शंभरपटीच्या तैलभिंगास मात्र खास कंडेन्सर लागतो. भावमिश्रांनी वर्णिलेल्या फिरंगाचे जंतू १९०६ साली लँडस्टायनर व मुखा यांनी याच पद्धतीने जिवंत पाहिले. आसवारिष्टांच्या संधानातील यीस्टच्या पेशीही रंगद्रव्याविना स्पष्ट दिसतात. औषधशाळाचालकांनी हा अल्पखर्चिक प्रयोग अवश्य करावा.

परंतु रक्ताचा थेंब पडद्यावर चमकवून रुग्णास ‘हा पाहा आम’ असे सांगणे आम्हांस सर्वथा अमान्य आहे. आमाचा निर्णय जिव्हा, मल व अग्नी यांच्या परीक्षेने होतो. काचपट्टीवरील धूळ आणि ओरखडेसुद्धा तितक्याच तेजाने चमकतात!