पडवीतला मधला खांब

गेल्या शनिवार-रविवारी गावी जाऊन आलो. दापोलीजवळचं आमचं कौलारू घर, पुढे पडवी, पडवीला तीन लाकडी खांब. घराची दुरुस्ती चालू आहे. काकाचं म्हणणं, जोत्याला उतार केला आणि मधला खांब काढला की गाडी आत येईल. कॉन्ट्रॅक्टरने खांबावर दोन थापा मारल्या. "शोभेचा आहे हो, एका दिवसाचं काम!"

मी सिव्हिलचा नाही. पण पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स सगळ्यांनाच असतं (मला ते दोनदा होतं, तो भाग वेगळा). तेवढ्या भांडवलावर सांगतो. मधला खांब काढला की तुळईचा गाळा दुप्पट होतो. वरचं छप्पर तेच, पण तुळईला वाकवणारा जोर चौपट होतो आणि ती खाली झुकते निदान सोळापट. कडेच्या खांबांवरचा भारही निदान दुप्पट. एक मंगलोरी कौल दोन-अडीच किलोचं, पावसात पाणी पिऊन आणखी जड. मोजा आता.

बरं, लाकूड लगेच तक्रार करत नाही. खांब काढला तरी संध्याकाळी छप्पर तसंच दिसतं, कॉन्ट्रॅक्टर पैसे घेऊन जातो. पण कायमच्या भाराखाली लाकूड महिनोन्‌महिने सावकाश वाकत राहतं. मग कधीतरी भर श्रावणात कौलं सरकायला लागतात आणि आपण दोष देतो माकडांना. शिवाय खांब छप्पर नुसतं उचलून धरत नाही, वाऱ्यात ते खाली धरूनही ठेवतो. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ ज्यांनी त्या पट्ट्यात काढलं, त्यांना हे सांगायला नको.

ऑफिसात आम्ही असले खांब रोज काढतो. चुकलं तर मागचं व्हर्जन परत चढवायचं. इथे पडवीत आजी पाय सोडून बसते. तिचा बॅकअप नाही.

खांब काढूच नये असं नाही. आधी टेकू लावून छप्पर तोलायचं, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून नवी खोल तुळई किंवा लोखंडी बीम घालायचा, कडेच्या खांबांचा पाया तपासायचा. खर्च आहे, आणि तिथेच सगळं अडतं.

रविवारी गावातल्या म्हाताऱ्या सुतारबाबांना बोलावलं. ते वर चढले, चार कौलं काढली आणि मलाच वर बोलावलं. तुळई अखंड नव्हतीच! दोन तुकडे, आणि सांधा बरोब्बर मधल्या खांबाच्या डोक्यावर. माझं चौपट-सोळापट गेलं उडत.

"शोभेचा काय?" बाबा खाली बघत म्हणाले.

कॉन्ट्रॅक्टर क्षणभर गप्प. मग म्हणतो कसा, "खालून लोखंडी पट्टी मारू की!"

पट्टी!!

काका दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. "चार बुकं शिकलास म्हणून..." वगैरे झालं. असो. गाडी सध्या अंगणात फणसाखाली उभी असते. मे महिन्यात फणस पिकतील, तेव्हा हा विषय परत निघणार.