हळदीकुंकवातील वेतनश्रेणी

संक्रांत जवळ आली की दिल्लीतील मराठी घरांत एक प्रश्न हलक्या आवाजात विचारला जातो : "यंदा वाण काय द्यायचे?" प्रश्न जुनाच आहे. पूर्वी त्याचे उत्तर घरात हाताशी असलेल्या वस्तूंतून निघे. आता ते बाजारातून आणावे लागते, आणि बाजारात जाण्यापूर्वी गेल्या वर्षी कोणी काय दिले याची मनातल्या मनात उजळणी करावी लागते. या उजळणीशी माझे भांडण आहे. घरगुती प्रसंगांतून आपण घरचे साधे खाणे आणि हातची वस्तू हद्दपार केली. त्यामुळे चव गेली, कसब गेले, हे नुकसान सर्वांनाच दिसते. त्याहून मोठे नुकसान मात्र कोणी बोलून दाखवीत नाही. ते असे की, कचेरीच्या दाराशी थांबणारी वेतनश्रेणी आपण हाताला धरून दिवाणखान्यात आणून बसविली आहे.

आपण सरकारी नोकर श्रेणीने जगतो, यात लपविण्यासारखे काही नाही. क्वार्टरचा टाइप वेतनस्तरावरून ठरतो. टाइपावरून वसाहत ठरते, वसाहतीवरून शेजार, आणि शेजारावरून मुलांचे सवंगडी. दौऱ्यावर गाडीचा वर्ग कोणता आणि इस्पितळात खाट कोणत्या कक्षात, हेही श्रेणीच सांगते. एवढा मोठा गाडा हाकायचा तर असे काही असणारच. माझी तक्रार त्याबद्दल नाही. परंतु परमुलखात आलेली मराठी माणसे या श्रेणीच्या बाहेर एकमेकांना दोन ठिकाणी भेटत आली. एक, पहाडगंजातील बृहन्महाराष्ट्र भवनासारख्या वास्तूत, नाटका-व्याख्यानांच्या निमित्ताने. आणि दुसरे, एकमेकांच्या स्वयंपाकघरात. पहिल्या ठिकाणी पुढच्या खुर्च्यांवर 'राखीव'च्या चिठ्ठ्या लागतात. दुसऱ्या ठिकाणी पाट मांडलेले असत, आणि पाटावर चिठ्ठी लावण्याची कल्पना अद्याप कोणाला सुचली नव्हती.

हलव्याचेच उदाहरण घ्या. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला आणि बाळाला बोरन्हाणाच्या वेळी हलव्याचे दागिने घालायचे, ही आपली रीत. हा हलवा करायचा म्हणजे तीळ, खसखस किंवा साबुदाणा परातीत घेऊन, मंद आचेवर, चमच्या-चमच्याने साखरेचा पाक सोडीत बोटांनी हलवीत बसायचे. पाक अंमळ जास्त पडला की दाणे एकमेकांना चिकटतात. आच वाढली की पांढरेपणा जातो. हात घाईने फिरला की आलेला काटा मोडतो. कित्येक घरांत हे काम तीनतीन, चारचार दिवस चाले. असा टपोरा, काटेरी हलवा ज्या बाईला साधतो तिच्या यजमानांचा वेतनस्तर चार आहे की बारा, हे त्या काट्याला ठाऊक नसते. सरोजिनी नगर, लक्ष्मीबाई नगर, नेताजी नगर येथील जुन्या बैठ्या-दुमजली क्वार्टरांत आयुष्य काढलेली वडीलधारी माणसे सांगतात की, त्या काळी अधिकाऱ्यांच्या बायका कारकुनांच्या घरी पाक पाहायला येत. मान हाताला होता, हुद्द्याला नव्हता. पुढे २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. जेथे सामाईक हिरवळीवर बायका एकत्र बसून पापड लाटीत आणि मुले दिवाळीचा किल्ला रचीत, तेथे आता उंच इमारती उभ्या राहत आहेत. इमारतींना विरोध करण्यात अर्थ नाही. माणसांना घरे हवीतच. परंतु हिरवळ गेली म्हणून हातही जावेत, असा आदेश कोठल्याही मंत्रालयाने काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आता तीन वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो. माझ्या पत्नीने जुन्या सुती साड्यांच्या वीस पिशव्या शिवल्या होत्या. बंद ओढून तोंड आवळायच्या, डाळ-कडधान्य ठेवण्याजोग्या. प्रत्येक पिशवीवर साडीचा काठ येईल असे कापड बेतले होते. आमच्याकडचे हळदीकुंकू रविवारी ठरले होते. आदल्या दिवशी ती एका वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेली आणि येताना एक पेटी घेऊन आली. आत मखमली अस्तरात काचेची दोन भांडी होती आणि झाकणावर यजमान दांपत्याचे नाव सोनेरी अक्षरांत छापले होते. किंमत कोणी सांगितली नव्हती. परंतु परतीच्या मेट्रोत बरोबरच्या बायकांनी ती मोबाइलवर शोधून काढली होती. घरी आल्यावर तिने काही न बोलता पिशव्यांचा गठ्ठा उचलला आणि कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिला. रविवारी सकाळी आम्ही सर्वांना कळविले की, मुलीला ताप आहे. मुलीला ताप नव्हता.

त्या अधिकारीणबाईंचा यात काही अपराध आहे असे मी म्हणणार नाही. त्यांनी प्रेमाने बोलाविले आणि प्रेमानेच दिले. त्यांच्याही डोळ्यांसमोर त्यांच्याहून मोठ्या बंगल्यातील एखादे हळदीकुंकू उभे असणार. थॉर्स्टीन वेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली एक पुस्तक लिहून दाखवून दिले होते की, पुष्कळसा खर्च माणूस वस्तूच्या उपयोगासाठी करीत नाही, इतरांनी पाहावा म्हणून करतो. आणि खालचा थर नेहमी वरच्याचे अनुकरण करीत दमत राहतो. वेब्लेनला वाण ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर त्याला त्याच्या ग्रंथात एक प्रकरण वाढवावे लागले असते.

गंमत अशी की, जी गोष्ट आपल्या सणांना कळेनाशी झाली ती आपल्या रुक्ष नियमावलीला कळलेली आहे. केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम, १९६४ यांतील तेरावा नियम भेटींविषयी आहे. विवाह, वर्धापनदिन, धार्मिक समारंभ अशा प्रसंगी रूढीप्रमाणे भेट घेता येते, पण ठराविक किंमतीपलीकडे गेली की सरकारला कळवावी लागते; आणि ही किंमतही गटागटाप्रमाणे निराळी आहे. म्हणजे विकतच्या भेटीला वेतनश्रेणी असते, हे नियमानेच मान्य केले आहे. परंतु त्याच नियमाखालच्या टिपेत म्हटले आहे की, प्रसंगवशात् घेतलेले साधे जेवण किंवा तत्सम सामाजिक आतिथ्य यांस भेट समजू नये. ज्याच्याशी कचेरीचा संबंध आहे त्याचा डामडौलाचा आणि वारंवारचा पाहुणचार मात्र टाळावा, असेही पुढे सांगितले आहे. साध्या पानाला किंमत लावता येत नाही म्हणूनच ते दोन माणसांना बरोबरीने बसविते, एवढे मर्म ज्याने ही टीप लिहिली त्याला उमगले होते. आपल्याला ते सांगावे लागते!

माझ्या या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत.

पहिला आक्षेप वेळेचा. नवरा-बायको दोघेही नोकरी करतात. नोएडा-गुरुग्रामहून येण्याजाण्यात दिवसाचे तीन तास जातात. भाजणी कोणी भाजायची? मला मान्य आहे. परंतु घरचे म्हणजे पुष्कळ, असा आपला एक खोटा समज आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० साली 'गृहिणी-मित्र' लिहिले त्यात हजार पाकक्रिया दिल्या. त्या सगळ्या एकाच दिवाळीत कराव्यात असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली निघाली आणि वाटी-चमच्याच्या घरगुती प्रमाणामुळे आईपासून दूर राहणाऱ्या हजारो मुलींना तिचा आधार झाला. परमुलखातल्या घराला तेवढेच हवे असते : मोजके प्रमाण आणि मोजके पदार्थ. दहा जिन्नस मागवून ताट भरण्यापेक्षा तिळाच्या वड्या आणि वाटली डाळ, एवढ्यावर प्रसंग साजरा झाला तर पाहुणा उपाशी जात नाही. बारशाला घुगऱ्या पुरत असत. बाळाला नव्या रेशमी झबल्याऐवजी आजीच्या विटक्या लुगड्याचे दुपटे अंगाला अधिक मऊ लागते, आणि त्याला वेळही फारसा लागत नाही.

दुसरा आक्षेप असा की, विकत घेतल्याने कोणा गरजू बाईच्या हाताला काम मिळते. हेही खरेच. १९५९ साली मुंबईत गिरगावातील सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन 'लिज्जत' पापडाचा उद्योग आरंभला आणि त्यातून सहस्रावधी संसारांना आधार मिळाला. पापड अवश्य घ्यावा. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस घ्यावा. माझा वाद रोजच्या जिनसांशी नाही. आपल्या दारी आलेल्या माणसाच्या हातावर आपण स्वतः काय ठेवतो, एवढ्यापुरताच तो आहे. आता रुखवतही भाड्याने मिळते. वराच्या बिऱ्हाडी वधूकडून जाणारा फराळ, हा रुखवताचा मूळ अर्थ. पुढे त्याला पोतीच्या, क्रोशाच्या, सुपारीच्या कलाकुसरीची जोड मिळाली. त्यातही दिखावा होता, आणि मुलीच्या नावावर खपणारे विणकाम पुष्कळदा मावशीचे असे. तरीही मावशी मांडवात हजर असे! भाड्याच्या रुखवतात ज्या बाईचे कसब आपण मिरवितो ती कोण, कोठली, हे वधूला ठाऊक नसते आणि वरपक्षालाही विचारावेसे वाटत नाही. याला त्या बाईचा सन्मान म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे, आणि तो बायकांनी घेतला पाहिजे इतका त्या सोशिकपणे घेत नाहीत. 'घरचे, हातचे' असे आपण पुरुष ज्या गहिवराने म्हणतो त्या हाताच्या मनगटाला घाम आलेला आपण पाहिलेला नसतो. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हस्तव्यवसायाभोवती शिक्षणाची मांडणी करावी असा विचार पुढे आला. त्यात मुलगे आणि मुली असा भेद नव्हता. आपण मात्र हस्तव्यवसायावर व्याख्याने ऐकली आणि हस्त बायकोचे ठेवले. मीही त्यांतलाच. गेल्या दिवाळीत प्रथमच भाजणी दळून आणण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा 'गव्हावर दळू नकोस, आधी चण्यावर चक्की चालवून घे' हे गिरणीवाल्याला हिंदीत पटवून देताना माझी जी तारांबळ उडाली ती टिपणी लिहिताना कधी उडाली नव्हती. पुढे सोऱ्याही मीच धरला. मोहन जास्त झाल्याने पहिला घाणा तेलात विरघळला. दुसरा बरा झाला. तेव्हापासून साधेपणावर मी जरा कमी बोलतो आणि त्याबद्दल जरा अधिक जाणतो. ज्या पुरुषाला तिळगूळ वळता येत नाही त्याने घरगुतीपणाचे गोडवे गाऊ नयेत, असा एखादा उपनियम आपल्या मंडळांनी करावयास हरकत नाही.

जुने सगळेच जतन करावे, असेही माझे म्हणणे नाही. ज्या हळदीकुंकवाच्या दारातून विधवा भगिनीला परत फिरावे लागते त्याची गोडी मला कळत नाही. ती चाल मोडलीच पाहिजे. मोडायचे काय आणि राखायचे काय, याचा विवेक मात्र आपला उलटा झाला आहे. जो भेद मोडायचा तो आपण पाळतो, आणि जी बरोबरी पाळायची ती मोडतो. इकडे १९९४ पासून आय.एन.ए.समोर दिल्ली हाट भरते. तेथे जाऊन आपण वारली चित्रे आणि हातमागाची वस्त्रे कौतुकाने विकत घेतो आणि दिवाणखान्यात लावतो. परक्याचा हात दिसावा आणि आपला लपावा, ही कसली रसिकता? घरी आजीने शिवलेली गोधडी पाहुणे येताच दिवाणाच्या पोटात जाते.

तेव्हा अधिकारी बंधुभगिनींना आणि माझ्या कारकून सोबत्यांना माझी एवढीच सूचना आहे. वाण द्यायचे तर घरातल्या कोणाच्या तरी हातचे द्यावे. ते जमत नसेल तर नुसता तिळगूळ द्यावा, वाणाविना संक्रांत अडत नाही. खायला एक-दोन पदार्थ, घरी केलेले. करताना घरातील पुरुषांनी आणि मुलांनी बसावे. आमंत्रण सर्व स्त्रियांना असावे. आणि या गोष्टीची सुरुवात वरच्या श्रेणीने करावी. कारण खालच्याने साधेपणा केला तर लोक त्याला गरिबी म्हणतात, वरच्याने केला म्हणजे त्याची चाल होते. हा अन्याय आहे खरा, पण जोवर आहे तोवर त्याचा चांगला उपयोग करून घ्यावा.

पिशव्या अजून त्याच खणात आहेत. येत्या संक्रांतीला आम्ही त्या खाली काढणार आहोत. वीसच आहेत, कमी पडल्या तर त्या दिवशी आणखी शिवू. बायकोला दाराशी सोडून गाडीत मोबाइल चाळीत बसून राहणाऱ्या गृहस्थांनी त्या दिवशी वर यावे, ही विनंती. तिळगूळ वळायला हात कमी पडतात.