संगणकाच्या वहीला प्रश्न विचारताना

औषधांचा घाऊक व्यापार करणाऱ्या एखाद्या पेढीची कल्पना करावी. एके दिवशी सकाळी उत्पादकाकडून सूचना येते की, एका गोळीच्या ११२ व ११५ या क्रमांकांच्या बॅचमध्ये दोष आढळला असून सर्व माल बाजारातून त्वरित परत घ्यावयाचा आहे. हा माल कोणकोणत्या दुकानांना गेला याची नोंद पेढीच्या संगणकात आहे. विक्रीच्या वह्या चाळून जी यादी करण्यास जुन्या काळच्या दिवाणजींना दोन दिवस लागले असते, ती आता क्षणभरात हाती यावयास हवी. हिशेबनीस पृच्छेचा, म्हणजे संगणकातील नोंदींना प्रश्न विचारण्याचा, तक्ता उघडतो. बॅचच्या स्तंभाखाली तो ११२ लिहितो, ११५ लिहितो, दोहोंच्या मध्ये ‘आणि’ हा शब्द निवडतो व कळ दाबतो. पडद्यावर एकही नाव उमटत नाही.

यंत्र बिघडलेले नाही. त्याने विचारल्या प्रश्नाचे बिनचूक उत्तर दिले आहे. यंत्र नोंदींच्या तक्त्यातील एक एक ओळ हाती घेते आणि घातलेली अट त्या ओळीला लागू पडते की नाही एवढेच पाहते. कोणत्याही एका ओळीतील बॅच एकाच वेळी ११२ आणि ११५ असणे शक्य नाही; म्हणून एकही ओळ निवडली जात नाही. माणसांच्या बोलण्यातला ‘आणि’ दोन ढीग एकत्र करतो. यंत्राचा ‘आणि’ एकाच ओळीवर दोन अटी लादतो. हिशेबनिसाला जे हवे होते त्यासाठी तेथे ‘किंवा’ हा शब्द घालावयास हवा होता.

ज्यांचे शिक्षण संगणकाचे नाही अशा माणसांना स्वतःचे प्रश्न स्वतः विचारता यावेत, ही आकांक्षा नवी नाही. १९७० साली आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी असे प्रतिपादन केले की, माहितीचे मोठे साठे साध्या तक्त्यांच्या रूपात मांडता येतील, आणि माहिती यंत्रात कोठे व कशी ठेवली आहे हे प्रश्न विचारणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यापूर्वी एका नोंदीवरून दुसरीपर्यंत कोणत्या वाटेने जावयाचे, हे आज्ञावली लिहिणाऱ्याला पायरीपायरीने सांगावे लागे. १९७४ साली त्याच प्रयोगशाळेतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी ‘सीक्वेल’ ही पृच्छाभाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल या नावाने जगभर पसरली. ही भाषा कोणासाठी, हे सांगताना त्यांनी हिशेबनीस, अभियंते, वास्तुशिल्पी व नगररचनाकार यांचा उल्लेख केला होता. विशेष म्हणजे पुढे ती मुख्यतः व्यावसायिक संगणकतज्ज्ञांचीच भाषा होऊन बसली.

त्याच सुमारास आयबीएमच्या दुसऱ्या प्रयोगशाळेत मोशे झ्लूफ यांनी निराळी वाट धरली. भाषा लिहावयास लावण्याऐवजी त्यांनी प्रश्नकर्त्यासमोर रिकामा तक्ताच ठेवला. जे हवे असेल त्याचा नमुना त्या तक्त्यात भरावा, यंत्राने तशा ओळी शोधून द्याव्यात. एका ओळीत लिहिलेल्या अटी एकत्र लागू होतात, निरनिराळ्या ओळींत लिहिलेल्या अटी ‘किंवा’ने जोडल्या जातात. १९९२ साली बाजारात आलेल्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमधील पृच्छेची चौकट याच कुळातली आहे. तिच्यात अटींची एक ओळ असते व तिच्याखाली ‘किंवा’च्या ओळी असतात. कार्यालयांतून वापरल्या जाणाऱ्या पुष्कळ प्रणालींनी हीच कल्पना थोड्याफार फरकाने उचलली. व्याकरणाचा जाच त्यामुळे खरोखरच संपला. स्वल्पविराम चुकला म्हणून प्रश्न नाकारला जाण्याचे दिवस सरले. परंतु तर्कशास्त्राचा जो भाग होता तो चौकटीच्या आड गेला, एवढेच. तो नाहीसा झाला नाही.

या कामी सध्या दोन मते ऐकू येतात. एक असे की, सामान्य कर्मचाऱ्याला प्रश्न रचावयास लावूच नये. त्याला ठरावीक अहवालांच्या दहा-बारा कळा द्याव्यात व स्वस्थ बसावे. हे मत सोयीचे आहे, पण ज्या सकाळी सदोष बॅचची सूचना येते त्या सकाळी त्या दहा-बारा अहवालांत नेमका तोच अहवाल नसतो. दुसरे मत अगदी अलीकडचे. आता भाषेची प्रचंड प्रारूपे साध्या वाक्यावरून, मराठी वाक्यावरूनही, पृच्छा लिहून देऊ लागली आहेत. तेव्हा शिकण्यासारखे काही उरलेच नाही, असे हे मत मानणारे म्हणतात. यंत्राचे हे कसब निर्विवाद आहे. परंतु ‘११२ व ११५ नेणारी दुकाने दाखवा’ या वाक्याचे मुळातच दोन अर्थ होतात: दोहोंपैकी एखादी नेणारी आणि दोन्ही नेणारी. यंत्र त्यांतील एक अर्थ निवडील. पण कोणता निवडला हे ज्याला वाचता येत नाही, त्याला तो तपासता कसा येणार?

रिकामे उत्तर आले तर माणूस निदान चपापतो. खरा धोका भरलेल्या व पटण्याजोग्या उत्तरात असतो. त्याच पेढीत त्या गोळीच्या विक्रीच्या ४०० ओळी आहेत असे समजू. हिशेबनिसाने आता ‘किंवा’ घालून यादी काढली. ६० ओळी आल्या. खातरजमा म्हणून त्याने उलट प्रश्न विचारला: ज्यांची बॅच ११२ नाही व ११५ही नाही अशा ओळी किती? उत्तर आले ३२३. दोहोंची बेरीज ३८३. उरलेल्या १७ ओळी गेल्या कोठे? त्या ओळींत बॅचचा रकाना कोणी भरलाच नव्हता. रिकाम्या रकान्याला यंत्र शून्य समजत नाही, ‘नाही’ असेही समजत नाही. ते त्याला ‘अज्ञात’ समजते. ‘हा अज्ञात क्रमांक ११२ आहे काय?’ याचे उत्तर अज्ञात, आणि ‘तो ११२ नाही काय?’ याचेही उत्तर अज्ञातच. जेथे अट निश्चित खरी ठरते तेवढ्याच ओळी यंत्र निवडते. म्हणून या १७ ओळी दोन्ही याद्यांतून गळतात. सदोष गोळ्या कदाचित त्यांतच असतील. साठ ओळींची सुबक यादी पाहून मात्र कोणालाही शंका येणार नाही.

दोन तक्ते जोडताना याच प्रकारची फसगत होते. दुकानांचा एक तक्ता आणि बिलांचा दुसरा, हे दोन्ही दुकानाच्या क्रमांकाने जोडले की, ज्या दुकानाच्या नावे बिलच नाही ते दुकान उत्तरातून नाहीसे होते. कारण बहुतेक प्रणालींत नेहमीची जोडणी दोन्हीकडे सापडणाऱ्या ओळींचीच असते. तेव्हा ‘या तिमाहीत ज्यांनी काहीच नेले नाही अशी दुकाने’ शोधू पाहणाऱ्याला नेमकी तीच दुकाने सापडत नाहीत. उलट प्रकारही घडतो. एका दुकानाने १०,००० रुपयांच्या बिलापोटी एकदा ४,००० व एकदा ६,००० रुपये भरले. बिलांचा तक्ता पावत्यांच्या तक्त्याशी जोडला की ते एकच बिल दोन ओळींत दिसू लागते व बिलांच्या रकमेची बेरीज २०,००० येते. यंत्राची बेरीज चुकलेली नसते. परंतु त्या बेरजेच्या आधारे कोणाला तगाद्याचे पत्र गेले, तर ते ज्या दुकानदाराने पै न् पै चुकती केली त्याच्याच हाती पडेल.

म्हणून प्रश्न रचण्याचे साधन सामान्य माणसाच्या हाती दिलेच पाहिजे, पण ते असे असावे की त्याने आपला प्रश्न उलट वाचून दाखवावा. पृच्छा चालविण्यापूर्वी पडद्यावर साध्या भाषेत एक वाक्य यावे: ‘ज्या ओळींत बॅच ११२ किंवा ११५ आहे त्या निवडल्या जातील, बॅचचा रकाना रिकामा असलेल्या १७ ओळी वगळल्या जातील.’ वगळलेल्या ओळींची संख्या निवडलेल्या संख्येइतक्याच ठळक अक्षरांत दिसावी. भाषेच्या प्रारूपाने रचलेल्या पृच्छेलाही हाच नियम लागू असावा, किंबहुना तिला तो अधिक कसोशीने लावावा. हे करणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. उत्तर झटकन व निर्वेध आलेले दिसावे हा विक्रेत्यांचा हव्यास मात्र त्याच्या आड येतो.

आणखी एक गोष्ट जाता जाता नोंदविली पाहिजे. काही प्रणालींत नोंदी दाखविणारी पृच्छा आणि नोंदी बदलणारी वा पुसून टाकणारी पृच्छा यांच्या कळा शेजारीशेजारी मांडलेल्या असतात. ज्याला केवळ प्रश्न विचारावयाचे आहेत त्याला नोंदी फक्त वाचण्याचीच मुभा द्यावी. मग त्याने हवे तितके चुकीचे प्रश्न विचारले तरी वहीला धक्का लागणार नाही, आणि चुकीचे प्रश्न विचारल्यावाचून कोणी शिकतही नाही.

हे शिक्षण शाळेत सुरू व्हावयास हरकत नाही. त्याला संगणकाचीही गरज नाही. ग्रंथालयाच्या देवघेव-वहीवर ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ व ‘नोंदच नाही’ या चार शब्दांचा सराव करता येतो. ज्या सभासदाने यंदा एकही पुस्तक नेले नाही त्याचे नाव केवळ देवघेव-वही चाळून सापडेल काय, असे विद्यार्थ्यांना विचारावे. सभासदांची वही शेजारी ठेवल्यावाचून ते सापडत नाही, हे त्यांच्या दहा मिनिटांत ध्यानी येते, आणि दोन तक्ते जोडण्याचे मर्म तेच आहे.

राहता राहिला तो औषधांच्या पेढीतील हिशेबनीस. त्याने प्रथम आपल्या आठवणीतली तीन-चार बिले घेऊन ती यादीत आली आहेत की नाहीत हे पाहावे. मग बॅचचा रकाना रिकामा असलेल्या १७ ओळींची दुसरी यादी काढावी, आणि पहिल्या यादीतील दुकानांबरोबर त्याही दुकानांना त्याच सकाळी दूरध्वनी करून फडताळातील पाकिटांवरचे क्रमांक वाचून दाखवावयास सांगावे.