‘त्याला काही लागत नाही’

वाङ्मयाचे अध्यापन करणाऱ्यांना ठाऊक असते, की काही प्रतिमांचा अर्थ वर्गात शिकवावाच लागत नाही. विद्यार्थी तो घरूनच घेऊन येतात. निवडुंग ही अशीच एक प्रतिमा. कवितेत निवडुंग दिसला की एकाकीपणा, रुक्षता, प्रेमावाचून जगणे किंवा मग प्रतिकूलतेवर मात करणारी जिद्द, यांपैकी काहीतरी उत्तरपत्रिकेत उतरणार हे ठरलेले. मीही कितीतरी वर्षे अशी उत्तरे तपासली आणि त्यांना बिनदिक्कत गुण दिले. पुढे ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात राहण्याचा योग आला, आणि तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात एक निवडुंग माझ्या हातून मेला. आज ते गठ्ठे पुन्हा समोर आले, तर माझा हात तितका सैल राहणार नाही.

मेला तो हेजहॉग कॅक्टस होता. शास्त्रीय नाव एकिनोसिरिअस एंगलमनाय. सोनोरन आणि मोहावी या वाळवंटांत, म्हणजे ॲरिझोना, दक्षिण कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा आणि मेक्सिकोचा सोनोरा व बाहा कॅलिफोर्निया या टापूत तो आपसूक वाढतो. बोटभर रुंदीचा शोभेचा कॅक्टस डोळ्यांसमोर आणू नये. हाताच्या मनगटाएवढी किंवा त्याहून जाड, वीतभर ते हातभर उंचीची खोडे एकमेकांना खेटून उभी असतात. जुन्या झुबक्यात अशी पन्नासएक खोडेही सापडतात. त्यांवर पिवळट, तपकिरी, राखी अशा मिश्र रंगांच्या काट्यांचे असे जाळे असते, की हिरवा रंग शोधावा लागतो.

या नावाचा मराठीत काय अनुवाद करावा, यावर मी बराच काळ अडखळले. ‘साळिंदर निवडुंग’ कानाला बरे वाटते, पण साळिंदर वेगळे. हेजहॉग हा त्याहून फार लहान, घाबरला की अंगाचा चेंडू करणारा प्राणी. गंमत अशी, की अमेरिकेच्या दोन्ही खंडांत हेजहॉग मुळात नाहीच. म्हणजे हे नाव युरोपातून आलेल्यांनी आपल्या आठवणीतून त्या झाडावर लादले. प्रजातीच्या शास्त्रीय नावातही तीच कथा आहे: ग्रीक ‘एकिनोस’ म्हणजे हेजहॉग किंवा समुद्रातला काटेरी साळू, आणि लॅटिन ‘सिरिअस’ म्हणजे मेणबत्ती. प्राणी आणि मेणबत्ती यांची ही विचित्र मोट बांधली ती जॉर्ज एंगलमन याने, १८४८ मध्ये. फ्रँकफुर्टला १८०९ साली जन्मलेला हा माणूस सेंट लुईस शहरात वैद्यकीचा व्यवसाय करी आणि उरलेल्या वेळात वनस्पतिशास्त्र. अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेची पाहणी करणाऱ्या तुकड्यांनी आणलेल्या निवडुंगांचे त्याने केलेले वर्णन १८५९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच पाहणीत असलेल्या चार्ल्स पॅरीने आपल्या झाडाला एंगलमनचे नाव दिले.

एंगलमन १८८४ मध्ये सेंट लुईसलाच वारला. त्यानंतर चारच वर्षांनी त्याच शहरात टी. एस. एलियटचा जन्म झाला. १९२५ च्या ‘द हॉलो मेन’मध्ये निर्जीव भूमीचे चित्र उभे करताना एलियटने निवडुंगाचाच आधार घेतला. हा योगायोग आहे आणि त्यातून काही सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. तरीही एका गावातल्या डॉक्टरने ज्याचे काटे मोजले, कड्या मोजल्या, बीज तपासले, त्याच कुळाला त्याच गावातल्या कवीने ओसाडीची खूण म्हणून वापरावे, हे मला विसरता येत नाही. मराठीतली नवकविता ज्या काळात एलियट वाचत होती, त्या काळात ही खूण आपल्याकडेही आली असणार. आणि आपल्याकडे तर घोटाळा आणखी पुढचा. माळरानावरचा आपला तिधारी निवडुंग हा कॅक्टसच नव्हे. तो खरचटला की पांढरा चीक गाळणाऱ्या युफोर्बियांपैकी. फड्या निवडुंग कॅक्टस खरा, पण तो अमेरिकेतून आलेला पाहुणा. एक शब्द, दोन कुळे, आणि वर एक आयात केलेला अर्थ.

आता माझ्या झाडाकडे येते. नोव्हेंबरात रोपवाटिकेतून ते आणले तेव्हा मी अत्यंत प्रेमळपणे वागले. मोठी चकचकीत रंगवलेली कुंडी घेतली, तिच्यात काळीभोर सेंद्रिय माती भरली, खोली उबदार असल्यामुळे कुंडी आत खिडकीपाशी ठेवली आणि दर रविवारी पाणी घातले. फोनवर आईला सांगितले, तर ती म्हणाली, “अगं, निवडुंगाला कुणी पाणी घालतं का? त्याला काही लागत नाही.” मला ते निष्ठुर वाटले. फेब्रुवारीत झाड बुडाशी मऊ पडले, रंग कांद्याच्या सडक्या पाकळीसारखा झाला, आणि हात लावताच एक खोड कुंडीच्या काठावर आडवे झाले. आईचे पाण्याविषयीचे म्हणणे बरोबर निघाले. पण तिचे दुसरे वाक्य साफ चुकीचे होते, आणि हा सगळा खटाटोप त्या वाक्यासाठी आहे.

त्याला लागते. पुष्कळ लागते, आणि नेमके लागते. माती अशी हवी की घातलेले पाणी क्षणात खालून निघून जावे: जाड वाळू, खडी, ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड हे निम्म्याहून जास्त, आणि कुजलेले खत नावापुरते. कुंडी साध्या भाजलेल्या मातीची, न रंगवलेली, मुळांपेक्षा किंचितच मोठी; कारण मोठ्या कुंडीतल्या ज्या मातीत मुळे पोचत नाहीत, ती ओलीच राहते. झाड एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत हलवले, की तुटलेली मुळे वाळून बंद व्हायला आठवडाभर तरी पाण्यावाचून ठेवायचे. नव्या झाडाला एकदम कडक उन्हात ठेवले तर ते भाजते आणि तो पांढुरका डाग जन्मभर राहतो. म्हणून ऊन हप्त्याहप्त्याने वाढवायचे. माहीतगार माळी तर कुंडीवर दक्षिणेची बाजू खडूने लिहून ठेवतात, म्हणजे जागा बदलली तरी ज्या अंगाला ऊन सोसायची सवय झाली आहे तेच अंग उन्हाकडे येईल. वसंतापासून शरदापर्यंत पाणी द्यायचे ते भरपूर, पण आधीचे पूर्ण सुकल्यावरच. हिवाळ्यात कुंडीला पाणी जवळजवळ बंद. या काळात झाड आक्रसते, कड्या आत जातात, सुरकुतते, आणि नवख्याला ते तहानलेले वाटते. ते खरे तर थंडीची तयारी करत असते: पेशींतले पाणी कमी असेल तर गोठण्याचा धोका कमी. कोरडे असलेले हे झाड गोठणबिंदूच्या बरेच खालचे तापमान सोसते. ओले असले तर सडते. आणि ही गार, कोरडी विश्रांती मिळाली नाही तर वसंतात फुलायलाही ते कुरकुरते. मी त्याला उबदार खोलीत ओले ठेवून त्याची झोपच मोडली होती.

पुण्यात किंवा औरंगाबादेकडे (आताचे छत्रपती संभाजीनगर) कोणाला हे झाड लावायचे असेल तर अडचण उन्हाची नाही, आपल्या पावसाची आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत डोक्यावर पारदर्शक छप्पर आणि चारी बाजूंनी वारा हवा. कोकणात तर छपराखेरीज विचारही करू नये. टूसॉनलाही पावसाळा आहे आणि त्याला तिथले लोक ‘मान्सून’च म्हणतात, हे ऐकून मला पहिल्यांदा हसू आले होते. पण तिथे वर्षाकाठी तीनशे मिलिमीटरच्या आत पाऊस, आणि तोही दोन हिश्श्यांत: उन्हाळ्यातला गडगडाटी आणि हिवाळ्यातला हळुवार.

फुलाबद्दल लिहिताना मला संयम पाळावा लागेल. बहुतेक निवडुंगांत कळी काट्यांच्या गादीवर येते. या प्रजातीत ती खोडाच्या आत तयार होते आणि कातडी फाडून बाहेर येते. फुटल्याची जखम नंतरही दिसत राहते. फूल गडद किरमिजी, माणसाच्या तळहाताएवढे, आणि मध्यभागी गर्द हिरवी कुक्षी. रात्री मिटते, सकाळी उघडते, असे काही दिवस चालते. नंतरचे फळ काटेरी असते, पण पिकले की काटे सहज झडतात, आणि चव स्ट्रॉबेरीच्या जवळची. तिथे काही लोक याला स्ट्रॉबेरी कॅक्टस म्हणतात.

आता मूळ मुद्दा. ‘त्याला काही लागत नाही’ हे वाक्य आपण फक्त झाडांबद्दल बोलत नाही. सोशिक सुनेबद्दल बोलतो, पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याबद्दल बोलतो, वसतिगृहात एकवेळ जेवून पदवी मिळवणाऱ्या मुलाबद्दल बोलतो. समीक्षेत आपण त्याला ‘चिवट जीवनेच्छा’ असे भारदस्त नाव देतो. निवडुंगाची प्रतिमा या सगळ्यांना चिकटवली की ते स्तुतीसारखे दिसते. पण त्या स्तुतीत देणाऱ्याची सुटका दडलेली असते. जो कशावरही जगतो त्याला काही देणे लागत नाही. ग्रामीण कथेतल्या म्हातारीला ‘माळावरचा निवडुंग’ म्हणून गौरवणारे परीक्षण वाचले, की माझ्या मनात आता एकच शंका येते: तिला काय लागत होते, हे लेखकाने मोजले होते का? ज्याने मोजले असेल त्याच्या प्रतिमेला माझी हरकत नाही. हरकत आहे ती न मोजता केलेल्या कौतुकाला.

वाळवंटातले झाड कशानेही मरत नाही, हा समज २०२३ च्या उन्हाळ्यात तिथे सर्वांच्या डोळ्यांदेखत खोटा ठरला. फीनिक्स शहरात ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत, सलग ३१ दिवस, रोजचे कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ४३ सेल्सिअसच्या खाली उतरले नाही. उंच सग्वारो निवडुंगांचे हात गळून पडले, काही मुळापासून कोसळले. कारण समजून घेण्यासारखे आहे. निवडुंग दिवसा श्वासरंध्रे मिटून घेतो आणि पाणी वाचवण्यासाठी हवेतला कार्बन डायऑक्साइड रात्री आत घेतो, तो आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा वापरतो. रात्रच निवत नसेल, तर ही व्यवस्था कोलमडते. दिवस कितीही कडक असो, त्याला गार रात्र लागते. त्या जुलैत आमच्या अंगणातल्या हेजहॉगवरही मी दुपारचे जाळीचे कापड टाकले होते. शेजाऱ्यांनी आधी चेष्टा केली, मग तेही दोरी शोधू लागले.

या संदर्भात एका समीक्षकाची आठवण करून द्यावीशी वाटते. जोसेफ वुड क्रच हा कोलंबिया विद्यापीठातला प्राध्यापक, नाट्यसमीक्षक, आधुनिक माणसाच्या वैफल्यावर १९२९ मध्ये ‘द मॉडर्न टेंपर’ लिहिणारा. १९५२ साली तो टूसॉनला कायमचा राहायला गेला. ‘द डेझर्ट इयर’, ‘द व्हॉइस ऑफ द डेझर्ट’ अशी पुस्तके त्याने लिहिली. समीक्षा सोडून तो झाडाझुडपांत रमला, असे त्याच्याबद्दल थोडे खंत वाटून म्हटले जाते. माझे मत उलट आहे. शब्दाकडे जसे बारकाईने पाहायचे तसे बेडकाकडे आणि काट्याकडे त्याने पाहिले. ती समीक्षाच होती. त्याचा दोष मला दिसतो तो वेगळा: वाळवंटाकडून माणसाने काय शिकावे, हे सांगण्याचा मोह त्याला आवरत नाही, आणि अशा पानांवर झाड पुन्हा हरवते.

झाड आवडले म्हणून वाळवंटातून खणून आणणे हा तर प्रेमाचा सर्वांत वाईट प्रकार. ॲरिझोनात देशी वनस्पतींसाठी स्वतंत्र कायदा आहे. जमीनमालकाची संमती आणि परवाना नसताना खणणे गुन्हा ठरतो. निवडुंगांच्या जवळजवळ सर्व जाती ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्याने पिशवीत घालून मुंबईला आणणेही बेकायदा. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार तपासलेल्या जातींपैकी ३१ टक्के धोक्यात आहेत, आणि त्याच्या प्रमुख कारणांत शौकिनांसाठी होणारी चोरी आहे. एंगलमनाय तूर्त सुरक्षित आहे. बियांपासून तो येतो, फक्त पहिल्या फुलासाठी काही वर्षे थांबावे लागते.

दुसरे झाड मी बियांपासून वाढवलेलेच घेतले. यंदा मार्चमध्ये त्याच्या तीन खोडांवर सात ठिकाणी कातडी ताणल्यासारखी दिसू लागली, तेव्हा मी आईला व्हिडिओवर ते दाखवले. ती म्हणाली, “अगं, त्याला दुखत असेल.” मग थोड्या वेळाने तिनेच विचारले, “पाणी कधी घातलं होतंस?”