मॅडम, साहेब कधी येणार?

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ ही म्हण आपण सगळ्याजणी लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दोन्हींतला खर्च आणि ताप स्वतः केल्याशिवाय कळत नाही, असा तिचा अर्थ. मी दोन्ही करून पाहिलं. लग्न अकरा वर्षांत मोडलं. घर टिकून आहे. पण घर घेताना जे अनुभव आले, त्यांनी मला लग्न ठरतानाच्या दिवसांची फार आठवण करून दिली. दोन्ही वेळा बोलणी माझ्याबद्दल चालली होती आणि माझ्याशी कोणी बोलत नव्हतं.

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. मुलीला घेऊन बाहेर पडले तेव्हा ती सात वर्षांची होती. तेव्हापासून २०२२ पर्यंत आम्ही दोघींनी ठाणे-कल्याण पट्ट्यात सहा भाड्याची घरं बदलली. करार अकरा महिन्यांचा. दर वेळी नवं डिपॉझिट, एजंटला एका महिन्याचं भाडं, टेम्पोचा खर्च आणि सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर तीच उलटतपासणी. मिस्टर कुठे असतात? घरी कोण कोण येतं? रात्रपाळी म्हणजे नक्की काय काम? एका ठिकाणी सांगितलं, “आम्ही फक्त फॅमिलीला देतो.” मी आणि माझी मुलगी मिळून फॅमिली होत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

माझं माहेर लालबागच्या चाळीतलं. वडील गिरणी कामगार. त्यांच्या माघारी ती खोली भावाच्या नावावर झाली. मी सही करून दिली. कोणी दमदाटी केली नाही, कोणी विचारलंही नाही. बहिणीने सही करायची असते, एवढंच मला ठाऊक होतं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा १९९४ साली महाराष्ट्राने दिला आणि २००५ साली केंद्राने. पण हक्कसोडपत्रावर सह्या केलेल्या बायका आपल्या प्रत्येक गटात बसलेल्या आहेत. मी त्यातलीच एक.

तर शेवटी ठरवलं, आपलं घर घ्यायचं. बदलापूरच्या बाजूला माझ्या ऐपतीत बसेल असं काही मिळेल, म्हणून दर रविवारी लोकल पकडून जायला लागले. पहिल्या एजंटने मोटारसायकलवरून येऊन तीन इमारती दाखवल्या. मी विचारलं, चटईक्षेत्र किती? महिन्याचा देखभाल खर्च किती पडेल? पाणी पालिकेचं की टँकरचं? तो म्हणाला, “मॅडम, साहेब कधी येणार? ते आले की सगळं एकदमच सांगतो.” साहेब नाहीत म्हटल्यावर तो जरा गोंधळला. “मग भाऊ, मेहुणे, कोणी तरी?”

मला वाटलं, बाई एजंट असेल तर बरं. ओळखीतून एक मिळाली. बोलायला गोड, स्वतः कष्टाने धंद्यात उतरलेली. तिने चहा मागवला आणि म्हणाली, “ताई, मुलगी मोठी झाली तुमची. तिच्या लग्नाचं बघायचं सोडून फ्लॅटमध्ये पैसे कशाला अडकवता?” तिचा राग आला नाही, वाईट वाटलं. कारण ती स्वतः भाड्याच्या घरात राहत होती.

एजंट मंडळींना दुष्ट ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. सौदा झाला तर त्यांचं पोट, नाही तर रविवार फुकट. पुष्कळदा त्यांना दोन्ही बाजूंकडून पैसे मिळतात, म्हणून सौदा लवकर व्हावा ही घाई असते. “दुसरी पार्टी तयार आहे, आजच एक्कावन्न हजार टोकन द्या,” हे वाक्य मला प्रत्येकाने ऐकवलं. निर्णय घेणाऱ्या माणसाशी बोलायचं, हे त्यांच्या धंद्याचं गणित. आणि त्यांनी आजवर पाहिलेल्या घरांत निर्णय पुरुष घेत आला आहे. आपल्या भाषेतच बघा ना. नवऱ्याला आपण ‘घरधनी’ म्हणतो, ‘आमचे मालक’ म्हणतो. ‘घरमालकीण’ म्हटलं की घरमालकाची बायको डोळ्यांसमोर येते. ‘गृहिणी’ शब्दात गृह आहे, पण ते झाडायला आणि सारवायला. सातबारा, करारनामा, शेअर सर्टिफिकेट यांवर ती नाही.

पुढे बँकेत गेले. माझं वय तेव्हा सेहेचाळीस. निवृत्तीपर्यंत वर्षं थोडी, म्हणून मी मागत होते तेवढं कर्ज बसत नव्हतं. अधिकाऱ्याने सुचवलं, सहअर्जदार म्हणून भावाला घ्या. हे एजंटच्या कानावर गेलं आणि त्याने पुढची पायरी सुचवली. भावाचं नाव करारातही टाकून घ्या, काम सोपं होईल. मी जवळजवळ तयार झाले होते. भाऊ वाईट नाही. आणि खरं सांगू? कोणीतरी पुरुष सोबत आहे या विचाराने मला सुटल्यासारखंच वाटलं होतं.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीने मला थांबवलं. ती वकील नाही, पतपेढीत काम करते. तिने समजावून सांगितलं की कर्जाचा सहअर्जदार आणि घराचा सहमालक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्जाच्या कागदावर सही केली म्हणून कोणी घराचा मालक होत नाही. मालकी ठरते ती नोंदणी झालेल्या करारावर नाव कोणाचं, यावरून. एकदा तिथे भावाचं नाव लागलं की उद्या घर विकायला, गहाण ठेवायला त्याची सही लागेल. त्याच्यामागे त्याच्या मुलाबाळांची. मी भावाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मालकी नाही, तर हप्त्याची जोखीम मी का घेऊ?” त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. मग मी वन बीएचकेचा नाद सोडला, भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढली आणि एकटीच्या पगारावर बसेल तेवढंच कर्ज घेऊन अठ्ठावीस लाखांचं वन रूम किचन घेतलं. स्वयंपाकघरात दोघी एकदम उभ्या राहिलो तर कोपर लागतं. पण कागदावर नाव एकटीचं आहे.

त्यातून आणखी एक फायदा झाला. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या किंवा बायकांच्या नावाने घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पुरुषाचं नाव जोडलं की ती जाते. भावाचं नाव घातलं असतं तर माझे अठ्ठावीस हजार गेले असते. मी घेतलं तेव्हा सवलतीला एक अट होती, पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. अडीनडीला घर विकायची वेळ आली तर खरेदीला पैसेवाली बाईच शोधत फिरायचं! ही अट २०२३ मध्ये काढून टाकली, ते बरं झालं.

पण या सवलतीचं दुसरं रूप मी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत पाहिलं. माझ्या शेजारच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं. फाइल नवऱ्याच्या मांडीवर. एजंट त्याच्याशी बोलत होता. नाव पुकारलं तशी बाई उठली, अंगठा लावला, फोटोला बसली, दाखवतील तिथे सह्या केल्या. परत येऊन तिने नवऱ्याला हळूच विचारलं, “कितव्या मजल्यावर आहे हो?” सरकारच्या हिशेबात त्या दिवशी एक बाई घरमालकीण झाली होती.

म्हणून माझं म्हणणं आहे की नुसत्या ‘बाईच्या नावावर घर’ या मागणीवर आपण थांबून चालणार नाही. ती मागणी मोठी होती आणि आहे. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात जमीन बायकोच्या नावावर करा म्हणून गावोगाव सांगितलं. ग्रामीण भागात घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करण्याचा शासन निर्णय २००३ साली निघाला. झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर पती-पत्नीच्या संयुक्त नावावर द्यायचं, असा नियम आहे. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेतही बाईचं नाव हवं, ही अट आली. हे सगळं आपल्या मागच्या पिढीतल्या बायकांनी लढून, ओरडून मिळवलं. आता पुढचं पाऊल हवं. घर बघताना, भाव ठरताना, कागद वाचताना बाई तिथे असली पाहिजे, आणि कागद ठेवलेल्या कपाटाची किल्ली तिच्याकडे असली पाहिजे.

काही मैत्रिणी म्हणतील, फ्लॅट घेणं हे पगारदार बायकांचं दुखणं, त्यात चळवळीने का पडावं? मला वाटतं, पडावं. मार खाऊन आपल्या केंद्रावर आलेली बाई परत का जाते, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. तिला जायला दुसरं घर नसतं. आणि फसवणूक तर गरीब ग्राहकाचीच जास्त होते. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण आठवा. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून त्यांची रेराकडे नोंदणी करून घेतली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला, तेव्हा आत राहायला आलेली, हप्ते फेडणारी कुटुंबं हवालदिल झाली. आयुष्याची पुंजी घालून घेतलेलं घर असं जायची वेळ आली, तर घरातल्या बाईचं डोरलं आणि मुलीचं शिक्षणही त्याबरोबर जातं.

कायदा आपल्या बाजूने थोडा तरी आहे, तो माहीत करून घेऊ या. २०१६ चा रेरा कायदा सांगतो की नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. माझ्याकडे वीस टक्के मागितले होते, ‘अ‍ॅग्रीमेंट सावकाश करू’ म्हणून. किंमत चटईक्षेत्रावर ठरली पाहिजे. नोंदणी झालेल्या प्रकल्पातलं घर विकणाऱ्या एजंटचीही नोंदणी लागते, आणि ग्राहकाला ज्या कागदांचा हक्क आहे ते बुकिंगच्या वेळी मिळवून देणं हे त्याचं कर्तव्य आहे. उपकार नव्हे. २०२३ पासून महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आहे. मात्र नोंदणी क्रमांक बघून गाफील राहू नका. बांधकामाची परवानगी आणि तयार घराचं भोगवटा प्रमाणपत्र पालिकेत जाऊन ताडून बघा. जुनं घर दुसऱ्याकडून घेत असाल तर रेराचा आधार फारसा नाही. तिथे आधीच्या करारांची साखळी, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचा दाखला, हे सगळं आपणच तपासायचं आणि मालकीहक्काचा शोध वकिलाकडून घ्यायचा.

मला शेवटी चांगला एजंट भेटला, तेही सांगायला हवं. पंचविशीतला मुलगा. मी पालिकेत चौकशीला जाते म्हटल्यावर त्याने कागदांच्या झेरॉक्स काढून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाला, “मावशी, विचारून घ्या. मी थांबतो.” साहेब कधी येणार, असं त्याने एकदाही विचारलं नाही. म्हणजे हे जमतं.

आता आपण काय करायचं? मला तीन गोष्टी सुचतात. एक, घर बघायला जाणाऱ्या बाईसोबत गटातल्या दोघींनी जायचं. पोलीस चौकीत आपण एकमेकींसोबत जातोच ना? मग बिल्डरच्या ऑफिसात का नको? दोन, प्रत्येक केंद्रावर एक वही ठेवायची. कुठल्या एजंटने नीट माहिती दिली, कोणी टोकनसाठी घाई केली, कुठल्या सोसायटीने एकट्या बाईला नाकारलं, हे त्यात तारखेसकट लिहायचं. पुढच्या बाईला ती वही उपयोगी पडेल आणि महारेराकडे, सहकार खात्याकडे जायची वेळ आली तर आपल्या हातात काही असेल. बाई ग्राहक असेल तर कागद तिच्या हातात द्यायचे, हा धडा एजंटांच्या प्रशिक्षणात असावा, अशी मागणीही करू या.

तिसरी गोष्ट मृत्युपत्राची. हिंदू वारसा कायद्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिने कमावलेलं घर मुलांना आणि नवऱ्याला मिळतं. ते कोणी नसतील तर नवऱ्याच्या वारसांना. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. सासरच्यांनी हाकलून दिलेल्या, माहेरच्यांनी शिकवलेल्या एका विधवेची कमाई २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाने नवऱ्याच्या नातेवाइकांना दिली. कायदेशीर घटस्फोट न घेता वर्षानुवर्षं वेगळ्या राहणाऱ्या मैत्रिणींनी तर याचा जरूर विचार करावा. सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे झालं, असं समजू नका. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करता येतं. मी गेल्या वर्षी केलं.

दाराबाहेर पाटी लावताना मुलीने विचारलं, आडनाव कुठलं लिहायचं? आम्ही दोघींची नुसती नावं लिहिली. गेल्या महिन्यात गॅसवाला आला, पाटी वाचली आणि म्हणाला, “मालक आहेत का घरात?”

मी म्हटलं, “आहे की. बोला.”

तुमच्याही गटात अशा गोष्टी घडल्या असतील. घर घेताना, भाड्याने शोधताना, नाव लावताना काय झालं, ते अंकाकडे जरूर लिहून पाठवा. वहीची सुरुवात आपण इथूनच करू या.