शास्त्राचा वग

बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या थैलीबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी येत असे. ती आपल्यापैकीं किती जणांनीं पेरली? आम्हींही कांहीं वर्षें ती बांधावर टाकून दिली, हें कबूल केलें पाहिजे. कारण व्याख्यानांत ऐकलें होतें, परंतु डोळ्यांस कांहींच दिसलें नव्हतें. पुढें २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भ-मराठवाड्यांत काय केलें, तें वाचकांस सांगावयास नको. टाकलेली पुडी हें त्याचें एकमेव कारण नव्हे. तथापि तेंही एक होतें.

असलें शास्त्र सोंग आणून शिकवावें, असें आमचें मत आहे. केरळांत शास्त्रसाहित्य परिषदेनें १९८० पासून कलाजथे काढून हेंच केलें; आणि तमाशाचा साज घेऊन सुधारणेचा विषय खेड्यांत नेणारे सत्यशोधक जलसे तर आपलेच.

शाळेच्या पटांगणांत फक्कीनें शेत आंखावें. मुलें अळ्या होतील. पुष्कळांस पांढरे पटके, दोघांस तांबडे. पांढरी अळी बीटीच्या विषानें मरणारी, तांबडी तें पचविणारी. शेतांत शिरतांच पांढरीं पात्रें आडवीं होतात. उरलेल्या दोन तांबड्यांचे पतंग होऊन जोडी जमते व त्यांची सारी प्रजा तांबडीच निपजते. आतां शेताभोंवतीं बिगर-बीटीच्या ओळी आंखून खेळ पुन्हां मांडावा. त्या ओळींत पांढरीं जगतात, तांबड्यास पांढरी जोडीदारीण मिळते. त्यांचें पोर अर्धें तांबडें, अर्धें पांढरें, आणि तें बीटी कपाशी खाऊन बहुधा मरतें. पुडी टाकली म्हणजे काय टाकलें, हें तेथें दहा मिनिटांत कळतें.

मात्र पात्रांच्या तोंडीं उपदेश घालूं नये. व्याख्यानानें पटका बांधला म्हणून त्याचें नाटक होत नाहीं. शिवाय पुडी पेरूं कीं टाकूं, हें ठरविणारा शेतकरी प्रेक्षकांतूनच उठवावा, शक्य तर गांवांतील मोठा कास्तकार. तो चुकला तरी त्यास थांबवूं नये. त्याच्या निवडीप्रमाणें खेळ पुढें जाऊं द्यावा.

अलीकडे हें बियाणें थैलींतच मिसळून देण्याची पद्धत आली आहे, तेव्हां खेळ जुना झाला, असें कोणी म्हणेल. त्यांनीं दुसरा प्रवेश फरदडीचा लावावा. जानेवारीनंतरही कपाशी उभी ठेवली कीं अळीस अन्न मिळत राहतें व तिचा वंश पुढच्या हंगामावर येतो. पटके तेच, फक्की तीच. पऱ्हाट्या उपटावयास चार मुलें अधिक लागतील. तालीम दिवाळीच्या सुटींत घेतां येईल.